घेतलेला फोन, येणारा फोन

प्रश्न : वनप्लस १३ ची विक्री १० जानेवारी २०२५ ला सुरू झाली आणि मी त्याच दिवशी तो मागवला. बँकेच्या कार्डावरची पाच हजारांची सूट धरून ६४,९९९ रुपयांना पडला. जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिला, उरलेल्या रकमेचे सहा हप्ते केले. फोन झकास आहे. पण २२ तारखेला सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ येणार असं कळलं आणि तेव्हापासून चैन नाही. ऑफिसातला जो तो म्हणतो, दहा-बारा दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं? परत करून टाकू का? एक मित्र म्हणतो, ‘फोन तापतो’ अशी तक्रार टाक, लगेच घेऊन जातात. तसं खरं तर फोनबद्दल गाऱ्हाणं काही नाही. फक्त डोंबिवली फास्टमध्ये एका हाताने कडी धरली की दुसऱ्या हाताने मेसेज टाइप करता येत नाही, अंगठा पोचतच नाही. पण ती काय, सवयीची गोष्ट. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पत्र आलं तेव्हा एस२५ यायचा होता. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तो दुकानात मांडलेला असेल. ७ फेब्रुवारी २०२५ ला तो विक्रीला आला, तेव्हाची किंमत ८०,९९९ पासून पुढे. त्यामुळे आता अंदाजाने बोलायचं कारण नाही, दोन्ही फोन शेजारी ठेवून बघता येतील.

आधी परत करण्याचं काय ते बोलू, कारण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. फोन आवडला नाही किंवा दुसरा जास्त आवडला, म्हणून पैसे परत मिळतील, असं तुम्ही धरून चालला आहात. एके काळी आपल्याकडच्या मोठ्या ऑनलाइन दुकानांवर ते काही प्रमाणात चालायचंही. आता मोबाइलच्या पानावर किमतीखाली जी बारीक ओळ असते ती नीट वाचा. बहुतेक ठिकाणी तिथे ‘सात दिवसांत बदली’ असं असतं, काही ठिकाणी ‘सर्व्हिस सेंटरमार्फत बदली’. म्हणजे फोनमध्ये दोष निघाला, तो तपासणीत सिद्ध झाला, तर तोच फोन पुन्हा नवा मिळणार. पैसे मिळतात ते तोच फोन साठ्यात उरला नसेल तर, आणि तेही त्या दुकानाच्या नियमात बसलं तर.

तुमच्या मित्राचा सल्ला इथेच आपटतो. समजा तुम्ही ‘तापतो’ म्हणून तक्रार टाकली. घरी माणूस येईल किंवा फोनमध्ये एक तपासणीचं अ‍ॅप टाकायला सांगतील. दोष सापडला नाही तर तक्रार बंद. नशिबाने दोष मान्य झालाच, तर कुरिअरवाला काय घेऊन येईल? दुसरा वनप्लस १३! एवढा खटाटोप करून, वर खोटं बोलून, हातात तोच फोन. खोट्या तक्रारींचा भुर्दंड पुढे खऱ्या तक्रारवाल्यांना बसतो, ते वेगळंच. मुदती आखडत गेल्या त्यामागे हेही एक कारण आहे, असं माझं मत.

कायदा याबाबत काय म्हणतो? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम, दोन्ही तुमच्या बाजूने आहेत, पण ठरावीक कारणांपुरतेच. वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर पोचली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. ‘शेजारच्या कंपनीचा नवा फोन आला’ हे कारण त्या यादीत नाही. मन बदलणं हा आपल्याकडे ग्राहकाचा हक्क नाही. एखादं दुकान तशी सोय देत असेल तर ती त्या दुकानाची मेहेरबानी.

आणि तुमच्या बाबतीत परतीची वाट मोकळी असती तरी ती फुकट नव्हती. जुना फोन एक्स्चेंजमध्ये गेला तो सहसा परत येत नाही, फार तर त्याची ठरलेली रक्कम येते. हप्त्यांचंही तसंच. ‘नो कॉस्ट’ हप्त्यात व्याज नसतं असं नाही. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच मनाई केली. तेव्हापासून बँक व्याज लावते आणि दुकान तेवढीच रक्कम किमतीतून आधी कमी करून दाखवतं. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्या खिशातून जातो, आणि बँकेने प्रक्रिया शुल्क घेतलं असेल तर हप्ता रद्द केल्यावर ते सहसा परत येत नाही. शिवाय कार्डावरची सूट त्या दिवसाची, त्या फोनवरची. ती नव्या खरेदीला चिकटत नाही.

आता फोनांकडे वळू. वनप्लस १३ आणि एस२५ या दोघांच्या पोटात एकच प्रोसेसर आहे, स्नॅपड्रॅगन ८ एलिट. एस२५ मधला किंचित जास्त वेगाने धावणारा आहे, पण तुमच्या वापरात ते कळणार नाही. (आदल्या वर्षीच्या एस२४ मध्ये भारतात सॅमसंगचा स्वतःचा एक्सिनॉस होता. एस२५ ला इथेही स्नॅपड्रॅगन आला याचा आनंद सॅमसंगवाल्यांना, तुम्हाला तो आधीच मिळालेला.) रॅम दोघांना १२ जीबी, साठवण २५६ जीबीपासून. बॅटरी तुमची ६,००० एमएएच, त्याची ४,०००. चार्जिंग तुमचं १०० वॉट, त्याचं २५. तुमच्या खोक्यात चार्जर आला, त्याच्या खोक्यात येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. तीनपट झूमचा कॅमेरा दोघांना आहे, तुमचा ५० मेगापिक्सेलचा, त्याचा १० चा. आणि तुम्ही दिलेली किंमत १६ हजारांनी कमी.

एस२५ कुठे पुढे आहे? अपडेटमध्ये. सॅमसंगने सात वर्षं अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षा अपडेट देण्याचं कबूल केलंय. वनप्लसचं वचन चार आवृत्त्यांचं आणि सहा वर्षांच्या सुरक्षेचं. फोन पाच-सहा वर्षं वापरून मग आईला देणारं घर असेल, तर हा फरक खरा आहे. दर दोन-तीन वर्षांनी एक्स्चेंज करणाऱ्याला तो जाहिरातीतच दिसणार. तुम्ही जुना फोन एक्स्चेंजमध्ये देणारे आहात, तेव्हा हे इथेच सोडू.

म्हणजे कागदावर तुमचं काही गेलेलं नाही. ‘थांबला असतास तर’ म्हणणाऱ्यांना हे आकडे दाखवा आणि चहा मागवा.

पण मला तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य महत्त्वाचं वाटतं. डोंबिवली फास्टमधला अंगठा. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय आणि लगेच ‘सवयीची गोष्ट’ म्हणून झाकूनही टाकलंय. सगळ्या पत्रात फोनबद्दलची खरी तक्रार तेवढी एकच आहे, बाकी सगळं ऑफिसातल्या लोकांबद्दल आहे. वनप्लस १३ ची रुंदी ७६.५ मिलिमीटर आहे, एस२५ ची ७०.५. उंचीत तुमचा फोन दीड सेंटिमीटरहून जास्त लांब. वजनात तो सुमारे २१० ग्रॅम, आणि एस२५ १६२. सहा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण अंगठ्याचं बूड फोनच्या उजव्या कडेवर टेकवून तुम्ही डावीकडचा ‘क्यू’ किंवा वरचा परत जाण्याचा बाण गाठायला जाता तेव्हा ते सहा मिलिमीटर सगळे तिथेच उभे असतात. मग तुम्ही फोन तळहातात थोडा सरकवता, करंगळी खाली आधाराला लावता, आणि नेमकं तेव्हाच ठाणं येतं आणि मागून धक्का बसतो. उजवा अंगठा, डावी कड, २१० ग्रॅम वजन आणि गर्दी. ही सवय लागत नाही, हात दुखतो.

म्हणून माझं उत्तर दोन भागांत आहे. एस२५ नवा आहे, नंतर आला, लोक बोलतात, या कारणासाठी तुमचा फोन बदलू नका. आकारासाठी मात्र बदलायचा विचार जरूर करा, पण आत्ता नाही. आधी फुकटचे उपाय करून बघा. कीबोर्डात एका हाताने टाइप करण्याचा पर्याय असतो, त्याने सगळी अक्षरं उजव्या कडेला सरकतात. फोनच्या सेटिंगमध्ये पडदा अर्ध्यापर्यंत खाली ओढण्याची सोय असते, तीही सुरू करा. लोकलमध्ये बोलून टाइप करण्याचा सल्ला मी देणार नाही, डब्याला तुमचे निरोप ऐकायची इच्छा नसते.

महिनाभर तसं वापरूनही अंगठा कुरकुरतच राहिला, तर कल्याणच्या किंवा ठाण्याच्या कुठल्याही मोठ्या दुकानात जाऊन एस२५ चा डेमो पीस हातात घ्या. साखळीने बांधलेला असेल तर मोकळा द्यायला सांगा, साखळीसकट वजन कळत नाही. एका हाताने एक लांबलचक मेसेज टाइप करा. आणि तो आवडला तरी घाई करू नका, दसरा-दिवाळीच्या सेलपर्यंत थांबा. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाऊण लाखाला आलेला गॅलेक्सी एस२३ पुढच्या वर्षीच्या सणासुदीच्या सेलमध्ये चाळीस हजारांच्या खाली मिळत होता. सॅमसंगच्या या मालिकेच्या किमती टिकत नाहीत, हे घेणाऱ्याला सोयीचं आणि विकणाऱ्याला गैरसोयीचं. तुम्ही तेव्हा घेणारे असाल.

तुमचा फोन विकायची वेळ आलीच तर थोडी काळजी. बिल आणि खोकं जपून ठेवा, दोन्हींवरचा आयएमईआय क्रमांक आणि फोनवर *#०६# दाबल्यावर दिसणारा क्रमांक एकच असला पाहिजे. विकण्याआधी फोनमधून गुगलचं खातं काढा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. उलट क्रमाने केलंत तर घेणाऱ्याला फोन तुमचा पासवर्ड मागत बसेल आणि तो माणूस तुमच्या दारात. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि दोन ओळींची पावती ठेवा, उद्या तो फोन भलत्या कामात सापडला तर तुमच्याकडे पुरावा हवा. आणि नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिले २४ तास पैसे पाठवण्याची मर्यादा कमी असते, तेव्हा घरभाड्याच्या दिवशी फोन बदलू नका.

‘थांबायला हवं होतं का’ याबद्दलही बोलतो, कारण ते तुमच्या एकट्याचं दुखणं नाही. २०२५ चं वेळापत्रक बघा. जानेवारीत वनप्लस आणि सॅमसंग. ऑगस्टमध्ये आता गुगलचा पिक्सेल. सप्टेंबरमध्ये आयफोन. मग लगोलग सणांचे सेल, आणि वर्षअखेरीस चिनी कंपन्यांचे पुढच्या प्रोसेसरवाले फोन. ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी कुणीतरी दोन महिन्यांच्या आत काहीतरी आणणारच असतो. प्रतिस्पर्ध्याची वाट बघत बसणाऱ्याला मुहूर्त सापडत नाही.

एक वाट मात्र बघण्यासारखी असते, ती त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलची. दुसऱ्या कंपनीचा फोन आल्याने तुमच्या फोनची किंमत एका रात्रीत फारशी पडत नाही. स्वतःचा धाकटा भाऊ आला की पडते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ज्यांनी आयफोन १४ घेतला त्यांचं काय झालं आठवा. सप्टेंबरमध्ये आयफोन १५ आला, १४ ची अधिकृत किंमत भारतात ७९,९०० वरून ६९,९०० झाली, आणि १५ ला नेमकं यूएसबी-सी आलं. दहा हजारांचा फटका आणि हातात जुन्या पद्धतीची चार्जिंगची केबल, दोन्ही एकदम. तिथे महिनाभर थांबण्यात शहाणपण होतं, आणि ते आधी कळण्यासारखंही होतं. युरोपीय संघाने सामाईक चार्जरचा कायदा २०२२ मध्येच केला होता आणि फोनांसाठी २०२४ अखेरची मुदत घातली होती. तेव्हा खरेदीआधी एवढंच पाहावं : मी घेतोय त्याच मालिकेचा पुढचा फोन दोन महिन्यांत आहे का? असेल तर थांबा. नसेल तर घ्या.

आयफोनच्या याच कंपनीने एकदा याहून मोठा गोंधळ घातला होता. पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ रोजी विक्रीला आला, ८ जीबीचा ५९९ डॉलरना. लोक दुकानांबाहेर रांगा लावून उभे राहिले. ५ सप्टेंबरला त्याची किंमत ३९९ झाली! सव्वादोन महिन्यांत दोनशे डॉलर गेले. रांगेत उभे राहिलेले भडकले, स्टीव्ह जॉब्जकडे पत्रांचा पाऊस पडला. चौदा दिवसांच्या आत घेतलेल्यांना फरकाची रक्कम मिळाली, बाकीच्यांना जॉब्जने जाहीर पत्र लिहून शंभर डॉलरची खरेदी-सवलत दिली. त्या पत्रात त्याने हेही सुनावलं की पुढच्या दरकपातीची वाट पाहत बसलात तर तंत्रज्ञानाची कुठलीच वस्तू कधी घेऊन होणार नाही. ऐकायला खरं आहे, पण दर कापणाऱ्यानेच ते सांगावं हे जरा जास्तच.

येणाऱ्या यंत्राची ही भीती फक्त गिऱ्हाइकाला असते असं नाही, विकणाऱ्याला जास्त असते. अ‍ॅडम ऑस्बर्नचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. त्याने १९८१ मध्ये ऑस्बर्न १ नावाचा उचलून नेता येणारा संगणक काढला. उचलून म्हणजे कसा, तर सुमारे ११ किलोचा, शिवणयंत्राच्या पेटीसारखा, मध्ये पाच इंचांचा पडदा. किंमत १,७९५ डॉलर, सॉफ्टवेअर सोबत. तुफान खपला. १९८३ च्या सुरुवातीला ऑस्बर्नने पुढच्या यंत्राची बातमी पत्रकारांना आधीच सांगून टाकली. मग दुकानदार म्हणाले, नवा येतोय तर जुना कशाला भरून ठेवू? मागणी आटली, आणि त्याच सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हापासून धंद्याच्या पुस्तकांत याला ‘ऑस्बर्न परिणाम’ म्हणतात.

गोष्ट छान आहे, पण सगळे अभ्यासक ती जशीच्या तशी मानत नाहीत. त्या काळात केप्रो नावाची दुसरी कंपनी तसाच संगणक विकत होती, जवळपास त्याच किमतीला, आणि त्याचा पडदा नऊ इंचांचा होता. पाच इंचांत डोळे बारीक करून हिशेब लिहिणाऱ्या माणसाने नऊ इंच पाहिल्यावर पुढच्या मॉडेलची बातमी कशाला हवी? मला हे दुसरं स्पष्टीकरण जास्त पटतं. लोक बातमीला भुलतात, पण गल्ल्यावर पैसे मोजताना बहुधा डोळ्यांचं आणि हातांचं ऐकतात.   

तेव्हा तुमच्यापुरता निकाल असा : फोन ठेवा. ऑफिसातल्यांना उत्तर देऊ नका. अंगठ्याचं मात्र ऐका.

प्रश्न : मी ऑनलाइन नाही, गावातल्या दुकानातून फोन घेतला. चौथ्या दिवशी पडद्यावर उभी हिरवी रेघ आली. दुकानदार बिलावरचं ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य दाखवतो आणि सर्व्हिस सेंटरला जा म्हणतो. मी दुसऱ्या कंपनीचा फोन मागू शकतो का? – एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : तुमचं प्रकरण डोंबिवलीच्या वाचकाहून वेगळं आहे. त्यांच्याकडे हक्क नव्हता, तुमच्याकडे आहे. सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. बिलावर परतीची मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर तीस दिवसांत. आणि दुकानदार दाखवतोय ते वाक्य छापणंच मुळात अनुचित असल्याचे निवाडे वेगवेगळ्या ग्राहक आयोगांनी दिलेले आहेत. त्या ओळीला घाबरू नका.

सर्व्हिस सेंटरला मात्र जरूर जा, दुकानदार म्हणतो म्हणून नाही, कागदासाठी. नवा फोन मुळातच खराब निघाला असं लिहून देणारा एक दाखला असतो, दुकानदारांच्या भाषेत ‘डीओए’. त्याची मुदत कंपनीप्रमाणे बदलते आणि ती थोड्याच दिवसांची असते, म्हणून उद्याच जा. जाण्याआधी रेघेचा व्हिडिओ काढा, त्यात फोनची चारी बाजूंची काच अखंड दिसू द्या. नाहीतर ‘तुमच्या हातून पडला असेल’ हे उत्तर तयारच असतं. जॉबशीटवर ‘फिजिकल डॅमेज नाही’ एवढं लिहून घेतल्याशिवाय फोन सोडू नका.

दाखला मिळाल्यावर दुकानदाराकडे लेखी मागणी करा. पैसे मिळाले की दुसऱ्या कंपनीचा घ्या नाहीतर घेऊ नका, तो तुमचा प्रश्न. तोच फोन नवा देतो म्हणाला तर तेही कायद्यात बसतं, आणि खरं सांगायचं तर ते लवकर हाती येतं. ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, वकील करायलाच हवा असं नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते.

प्रश्न : मुलगा म्युनिकला असतो. तो फोन घेतो, आठवडाभर वापरतो, दुसरा चांगला दिसला की पहिला परत करतो. म्हणतो इथे कायदाच आहे. हे खरं का? त्याच्याकडूनच फोन मागवला तर? – एक वाचक, सातारा

उत्तर : खरं आहे, पण मुलगा सोयीचं तेवढंच सांगतोय. युरोपीय संघाच्या नियमाने ऑनलाइन किंवा फोनवरून मागवलेली वस्तू हाती आल्यापासून चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते. ब्रिटनमध्येही तसंच आहे. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला हा हक्क नाही, कारण तिथे तुम्ही ती हाताळून घेतलेली असते. कायद्याचा हेतू एवढाच की दुकानात जेवढं बघता आलं असतं तेवढं घरी बघा. आठवडाभर मनसोक्त वापरून, चरे पाडून परत पाठवली तर झालेली घट विक्रेता कापून घेऊ शकतो.

तुम्ही तिथून मागवायचा बेत केलात तर चौदा दिवसांतले बरेचसे दिवस फोन साताऱ्याला पोचेपर्यंतच संपतील. शिवाय बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी घेतलेल्या देशापुरती असते. इथल्या सर्व्हिस सेंटरने हात वर केले तर दुरुस्तीसाठी फोन पुन्हा म्युनिकला. त्यापेक्षा साताऱ्यातच, डेमो पीस हातात धरून घ्या.

फोनखरेदीबद्दल लिहिणाऱ्या सगळ्याच वाचकांना विनंती : पत्रात मॉडेल, बिलाची तारीख आणि परतीची मुदत लिहा, आणि फोन रोज कुठे आणि कसा हातात धरता तेही एका ओळीत कळवा.